आठ इंचांचा पंचनामा

लातूरच्या ज्या कॉलनीत मार्तंडराव निटूरकर राहतात, तिथल्या प्रत्येक घराच्या नकाशात पोर्च आहे आणि एकाही घराला पोर्च नाही. पोर्चच्या जागी खोली आहे, खोलीत तीन कॉट आहेत आणि त्या कॉटवर डॉक्टर व्हायला निघालेली तीन लेकरं आहेत. शिकवणीसाठी चहूकडून लेकरं येतात, त्यांना छप्पर लागतं. ते गाड्यांच्या डोक्यावरून काढून लेकरांच्या डोक्यावर घातलं गेलं आणि झाडून सगळ्या गाड्या रस्त्यावर आल्या. शिक्षणासाठी कुणाला तरी त्याग करावा लागतो. इथं तो रस्त्यानं केला.

मार्तंडरावांची गाडी अकरा वर्षं एकाच जागी उभी होती. घरासमोर, कडुनिंबाखाली, आणि तिरकी. तोंड निंबाच्या बुंध्याशी, ढुंगण थेट रस्त्याच्या मधोमध. सरळ लावली असती तर शेजारी आणखी एक गाडी सुखानं मावली असती. म्हणूनच ती सरळ लावलेली नव्हती.

ती आणखी एक गाडी समोरच्या वीरण्णा हालकुडेंची. गंजगोलाईत त्यांचं भांड्यांचं दुकान. गाडी अजून नव्यासारखी, पण जागा नाही म्हणून गावाबाहेर मेव्हण्याच्या गोदामात ठेवलेली. दुकानात जायला वीरण्णा गाडी काढायचे आणि गाडी काढायला गोदामापर्यंत ऑटोनं जायचे. दर रविवारी सकाळी मात्र ते गाडी धुवायच्या निमित्तानं कॉलनीत घेऊन यायचे, निंबापाशी हळूच एक चक्कर मारायचे, मार्तंडरावांची गाडी जागेवर आहे हे पाहायचे आणि न धुताच परत न्यायचे. अकरा वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता.

मार्तंडराव मोजणीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांची बांधावरची भांडणं फायलीत नीट लावून ठेवली. त्यातून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. कागद खिशात असलेला माणूस कोर्टात जातो, आणि जागेवर उभा असलेला माणूस घरी जेवायला जातो. त्यामुळे ते जागा सोडत नसत. पेट्रोल टाकायला गाडी हलवावीच लागली, तर त्यांच्या पत्नी विनीताबाई रिकाम्या जागेत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत. मांडीवर निवडायची भाजी, डोक्यावर छत्री. गाडी परत आली की खुर्ची उचलून आत.

याचा एक परिणाम असा झाला की नवरा-बायको स्वतःच्या गाडीतून कधी बरोबर गेलेच नाहीत. दोघं गेले तर खुर्चीवर बसणार कोण? विनीताबाई दोन वर्षांपूर्वी हट्टानं गाडी शिकल्या, परवाना काढला. मार्तंडरावांनी त्या परवान्याला प्लास्टिकचं पाकीट आणून दिलं आणि तो कपाटात ठेवला. लांब कुठं जायचं झालं की दोघं एसटीनं जात. गाडी जागा राखायची.

मार्चच्या सुरुवातीला कॉलनीच्या तोंडाशी फलक लागला. त्यावर पुढाऱ्यांचे फोटो इतके दाटीवाटीनं बसले होते की रस्ता कोणत्या खात्याचा हे लिहायला जागाच उरली नव्हती. तळाशी बारीक अक्षरात एवढंच होतं: सिमेंट रस्ता, जाडी आठ इंच.

चार दिवसांनी रस्त्याचं कंत्राट घेतलेले गुत्तेदार शेषेराव दारात आले. मूळचे बिलोलीकडचे, पांढरा शर्ट, पांढरा बूट, आणि गोड बोलायची सवय.

"काका, गाडी घ्या की जराशी बाजूला. उद्या माल टाकून राहिलो."

"कुठं घेऊ?"

"कुठंबी घ्या. तिकडं मैदान हाय की मोकळं."

"आणि रस्ता झाल्यावर?"

"मग आणून हितंच लावा! रस्ता काय मी घरी नेऊन राहिलो का?"

"लिहून द्या," मार्तंडराव म्हणाले.

शेषेरावांनी आयुष्यात पुष्कळ काही केलं होतं, पण लिहून कधी काही दिलं नव्हतं. त्यांनी नुसताच बूट झटकला.

समोरच्या फाटकातून वीरण्णा बोलले, "निटूरकर सर, घ्या हो बाजूला. विकासाचं काम हाय. तुमच्या जागेवर मी नजर ठेवतो ना."

"अकरा वर्षं ठेवलीत तेवढी पुरे झाली," मार्तंडराव म्हणाले आणि गाडीपाशी जाऊन त्यांनी हँडब्रेक आणखी एक दात वर ओढला.

दुसऱ्या दिवशी अभियंता श्रीनाथ आला. नोकरीला दोन वर्षं झालेला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि हेल्मेटच्या आत एकतीस मार्च. त्या तारखेच्या आत रस्ता झाला नाही तर निधी परत जाणार होता, आणि निधी परत गेलेल्या अभियंत्याला कुठं पाठवतात हे त्याला सीनिअर लोकांनी रंगवून सांगितलं होतं.

"सर, गाडी हलवा, नाहीतर मला क्रेन बोलवावी लागेल."

"बोलवा. येताना नोटीस आणा, पंच आणा. अकरा वर्षांची वहिवाट आहे. गाडी आधीची आहे, रस्ता आत्ताचा."

"सर, रस्ता सरकारी आहे."

"मग सरकारला येऊ दे. तुम्ही तर मला गुत्तेदाराबरोबर दिसताय."

क्रेन मिळाली नाही. कुणाचा तरी वाढदिवस होता आणि त्यांचा चाळीस फुटी फोटो उभा करायला ती तीन दिवसांसाठी गेलेली होती. शेवटी शेषेरावांनीच तोडगा काढला. गाडीभोवती हातभर जागा सोडून चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या आणि उरलेल्या रस्त्यावर माल ओतून मोकळे झाले. फळ्या काढल्यावर कॉलनीला नवा रस्ता मिळाला आणि रस्त्याच्या पोटात एक तिरका चौकोनी खड्डा. खड्ड्यात गाडी. लांबून बघितलं तर म्हैस डबक्यात बसावी तशी दिसायची.

कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरले. कुणी हसलं, कुणी अंगठा दाखवला. मार्तंडरावांना त्याचं काही वाटलं नाही. उलट संध्याकाळी पाणी मारून झाल्यावर ते फाटकाशी उभे राहिले तेव्हा त्यांना फार दिवसांनी कचेरीत असल्यासारखं वाटलं. आजवर जागेला हद्द नव्हती. आता सरकारनं स्वखर्चानं, सिमेंटमध्ये हद्द कायम करून दिली होती.

हद्द दिसली की मोजायची, ही चौतीस वर्षांची खोड. त्यांनी कपाटातून जुना स्टीलचा टेप काढला, गाडी आणि कडेच्या फटीत उकिडवे बसले आणि लांबी घेतली, रुंदी घेतली, सवयीनं खोलीही घेतली.

चार इंच.

त्यांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्या कोपऱ्यात टेप लावला. चार. तिसऱ्या कोपऱ्यात पावणेचार.

नालीच्या कडेनं मात्र रस्ता व्यवस्थित आठ इंच दिसत होता, कारण तिथं शेषेरावांनी चर खणून त्यात माल ओतला होता. तपासणारे साहेब येतात, कडेला टेप लावतात, चहा पितात, जातात. मधलं पोट कुणी फाडून बघत नाही. या एका रस्त्याचं पोट तेवढं मार्तंडरावांच्या गाडीपायी उघडं पडलं होतं.

त्या क्षणी मार्तंडरावांच्या अंगात एकदम नागरिक संचारला. आत जाऊन त्यांनी कोरा कागद घेतला, समास आखला आणि "विषय" असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. तेवढ्यात दार वाजलं.

बाहेर शेषेराव आणि श्रीनाथ. शेषेरावांच्या हातात शाल, नारळ आणि तयार बांधलेला फेटा.

"काका, विकासकामाला सहकार्य केल्याबद्दल सत्कार."

"मी? मी तर गाडी हलवली नाही."

"तेच तर सहकार्य!" शेषेरावांनी फेटा मार्तंडरावांच्या डोक्यावर ठेवला. तो जरा मोठा झाला, म्हणून हातानं धरून ठेवला. "काका, तुम्हाला खरं सांगतो. तुमची गाडी हाय ती लई मोक्याच्या जागी हाय. आता ती हलवू नका. बिलकुल हलवू नका. मी पाया पडून राहिलो."

"मला खोली कळलेली आहे," मार्तंडराव फेट्याच्या आतून म्हणाले.

श्रीनाथ दाराच्या चौकटीकडे बघू लागला. शेषेराव मात्र जराही दचकले नाहीत. "म्हणून तर तुमच्याकडं आलो. अनाड्याकडं कोण जातंय? काका, जागा तुमची. कायमची. भोवती पिवळा पट्टा मारून देतो, 'राखीव' असा बोर्ड ठोकून देतो. हालकुडे काय, हालकुडेचा बाप आला तरी गाडी घालू शकणार न्हाई."

मार्तंडरावांनी टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं. मग खिडकीतून निंबाकडे पाहिलं. वीरण्णा फाटकात उभे राहून याच घराकडे बघत होते.

"बोर्ड लोखंडी पाहिजे," मार्तंडराव म्हणाले.

अर्ज चहा ठेवायला कामी आला.

आता कागदोपत्री एक अडचण होती. रस्त्यात खड्डा का सोडला, याचं कारण फायलीत हवं. श्रीनाथला काही सुचेना. मार्तंडरावांनी त्याच्या हातून पेन घेतलं. अक्षर पहिल्यापासून देखणं, आणि पंचनामा लिहायला बसले की त्याला आणखी रंग चढायचा. त्यांनी लिहिलं: "आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर रस्त्याची जाडी आम्ही स्वतः मोजली असता ती आठ इंच भरली. सदर जागी उभे असलेले वाहन सदर खोलीमुळे बाहेर निघणे अशक्य असून, सबब तेवढा भाग अपूर्ण राहिला आहे. सदर जागा सदर वाहनाकरिता कायम राखीव ठेवण्यास आमची हरकत नाही."

श्रीनाथनं वाचून विचारलं, "सर, गाडीचा नंबर टाकायचा का?"

"कशाला? त्या खड्ड्यात दुसरं वाहन येणार आहे कुठून? चौतीस वर्षं पंचनामे लिहिलेत मी."

पंच दोन लागतात. दुसरे पंच म्हणून समोरच्या वीरण्णांना बोलावलं. ते भांडतील, या अंदाजानं मार्तंडरावांनी चार मुद्दे तयार ठेवले होते. वीरण्णांनी कागद एकदा वाचला, पुन्हा एकदा वाचला, "लई सुंदर लिहिलंव, सर," म्हणाले आणि खाली मोठी, स्वच्छ सही केली. एवढ्या गोडीनं का केली, हा विचार मार्तंडरावांच्या मनात आला नाही. ते बोर्डासाठी जागा बघत होते.

पिवळा पट्टा झाला. लोखंडी बोर्ड झाला. सिमेंटला ओल हवी, या क्युरिंगच्या नावाखाली गाडीभोवतीच्या फटीत ओली पोती कोंबली गेली, म्हणजे कुणाची नजर खाली जायला नको. सगळं जिथल्या तिथं बसलं, आणि गुरुवारी रात्री जेवताना विनीताबाई म्हणाल्या, "रविवारी नांदेडला, विष्णुपुरीत माधवची वास्तुशांती आहे. सख्ख्या भावाची. गाडीनं जाऊ. आता जागा राखीव झालीये, खुर्चीवर बसायला कुणी नको."

मार्तंडरावांनी घास परत ताटात ठेवला. "गाडी निघत नाही."

"का?"

"खोल आहे. आठ इंच."

"माझी वीत नऊ इंचाची आहे," विनीताबाई म्हणाल्या. "काल रांगोळी काढताना पोतं सरकवून बघितलंय मी. अर्धी वीतसुद्धा भरत नाही."

"पंचनाम्यात आठ आहे."

"मग पंचनाम्यातून जाऊ का नांदेडला?"

"एसटीनं जा की. आजवर गेलीसच ना."

"बहिणीच्या लग्नाला एसटीनं. वडिलांच्या दिवसांना एसटीनं. आणि दारात गाडी, अंगावर निंबाच्या काड्या घेऊन बसलेली." त्यांनी ताट उचललं. "एक विचारू का? ही जागा गाडीसाठी आहे का गाडी जागेसाठी आहे?"

मार्तंडरावांनी ताक मागितलं. ते मिळालं नाही.

रविवारी सकाळी तपासणी लागली. मार्चअखेरीला सरकारी खात्यांना रविवार नसतो. मोठे साहेब आले, त्यांच्यामागे फाईल घेतलेला शिपाई, फायलीमागे श्रीनाथ, श्रीनाथमागे शेषेराव. मार्तंडराव इस्त्रीचा सदरा घालून, सत्काराची शाल खांद्यावर टाकून गाडीशेजारी उभे होते. साहेबांनी नालीच्या कडेला टेप लावून घेतला. आठ इंच. साहेब खूश झाले. घाम पुसत ते निंबाच्या सावलीत आले.

"ही गाडी काय आहे?"

श्रीनाथनं पंचनामा पुढं केला. "सर, हे स्वतः मोजणी खात्यातले निवृत्त अधिकारी."

"हेडक्लार्क," मार्तंडरावांनी नम्रपणे दुरुस्ती केली. "साहेब, मी स्वतः मोजलंय. आठ इंच भरतं. ही गाडी आता या जन्मात बाहेर निघत नाही."

"अरेरे. बिचारी," साहेब म्हणाले.

फाटक वाजलं. विनीताबाई बाहेर आल्या. अंगावर पैठणी, एका हातात आहेराची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली. त्यांनी साहेबांना नमस्कार केला, पिशवी मागच्या सीटवर ठेवली, कपाटातून काढलेला परवाना पाकिटासकट पुढं ठेवला आणि गाडीत बसल्या.

"अगं! अगं, निघत नाही ती!" मार्तंडराव म्हणाले.

"बघू की."

गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. विनीताबाईंनी मागं वळून बघितलं, रिव्हर्स टाकला. मागची चाकं पोत्यांवर चढली, गाडीनं एक गचका दिला. मग पुढची चाकं आली, दुसरा गचका. एवढंच. अकरा वर्षांची तिरकी गाडी नव्या रस्त्यावर सरळ उभी राहिली.

काच खाली झाली. "निघाली हो," विनीताबाई म्हणाल्या. "वरण-भात झाकून ठेवलाय. मी चार दिवस राहून येईन." आणि त्या गेल्या.

मागं उरला पिवळ्या पट्ट्यातला रिकामा खड्डा. पोती बाजूला फेकली गेलेली, चारी कडा उघड्या, आणि त्या कडांवर सकाळचं लख्ख ऊन. शेषेरावांचा हात आपोआप छातीवर गेला. कुणी वारल्यासारखं श्रीनाथनं हेल्मेट काढलं. साहेबांना लांबचं दिसायचं, जवळचं नाही. "काय झालं? बघू," म्हणत त्यांनी खिशातून चष्मा काढला, त्यावर फुंकर मारली आणि रुमालानं पुसायला घेतला.

तो रविवार होता, हे मार्तंडराव विसरले होते. वीरण्णा विसरले नव्हते. कोपऱ्यावरून त्यांची नव्यासारखी गाडी सावकाश आली, चक्कर न मारता सरळ वळली, खड्ड्याच्या काठाशी अंदाज घेतला आणि तोंड निंबाकडे करून अलगद आत उतरली. शेषेरावांनी दोन ढांगांत येऊन पोती परत फटीत कोंबली. उमरग्याच्या बाजारात टेम्पोत बैल कोंबावेत तशी.

साहेबांनी चष्मा घातला. खड्ड्यात गाडी होती.

"मघाशी पांढरी होती ना?"

"उन्हानं तसं दिसतंय, साहेब," शेषेराव म्हणाले.

"आणि ही निघत नाही?"

वीरण्णा काच खाली करून म्हणाले, "न्हाई निघत, साहेब. आठ इंच हाय. पंचनामा हाय की, माझी बी सही हाय."

"साहेब, ही गाडी ती नव्हे!" मार्तंडराव ओरडले. शाल खांद्यावरून घसरली. "ही जागा माझ्या गाडीला दिलेली आहे!"

साहेबांनी फाईल उघडली. "कोणत्या गाडीला? इथं नंबर नाही. 'सदर जागी उभे असलेले वाहन', असं लिहिलंय." त्यांनी खड्ड्याकडे बोट दाखवलं. "ते उभं आहे. अक्षर कुणाचं आहे हो? फार सुरेख आहे."

मार्तंडरावांनी सांगितलं नाही.

"साहेब, मग रस्त्याची जाडी पुन्हा मोजा," ते म्हणाले. "चार इंच आहे. मधे चारच इंच आहे. जनतेचा पैसा आहे हा!"

"कुठं मोजायची?"

"त्या खड्ड्यात."

"तिथं तर गाडी उभी आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी समाधानकारक असा शेरा मारून सही केली.

सोमवारी मार्तंडरावांनी रीतसर अर्ज दिला. उत्तर आठव्या दिवशी आलं, इतक्या लवकर त्यांच्या कचेरीतून कधी कुणाला गेलं नव्हतं. सोबत पंचनाम्याची प्रत जोडली होती. खाली पहिल्याच पंचाची सही त्यांची.

वीरण्णा आता दुकानात रोज पायी जातात. गाडी हलवायची तर जागा जाते, आणि जागा सोडायला ते काही वेडे नाहीत. दर सकाळी उठून ते तिच्यावरच्या निंबाच्या काड्या झाडतात.

विनीताबाईंचे चार दिवस केव्हाच संपले. त्या फोनवर फार खुशीत असतात. भावाला घेऊन धरणावर जाऊन आल्या, वहिनीला घेऊन बाजारात जाऊन आल्या, एकदा नुसत्याच जाऊन आल्या.

"गाडी घेऊन ये ना आता," काल मार्तंडराव म्हणाले.

"आणते की. लावू कुठं?"

मार्तंडरावांनी फोन कानाला धरून खिडकीतून बाहेर पाहिलं. पिवळ्या पट्ट्यात, लोखंडी बोर्डाखाली वीरण्णांची गाडी उभी होती. तिरकी.